राउटर घेताना आधी विचारा: अनोळखी फोन वायफायला जोडला गेला तर हा काय करतो?

मागच्या मे महिन्यात नाशिकला बहिणीकडे गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "दादा, ह्याचं नेट रात्री दहाला बंद होईल असं काहीतरी करून दे ना." भाचा तेव्हा नववीत जाणार होता. फायबर कंपनीने लावून दिलेल्या डबीची, म्हणजे घरात वायफाय पसरवणाऱ्या राउटरची, सेटिंग मी उघडली आणि सगळ्यात आधी जोडलेल्या उपकरणांची यादी बघितली. घरात माणसं चार आणि यादीत नावं एकोणीस.

एकेक करत आम्ही ती ओळखत बसलो. चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, दोन कॅमेरे. 'ईएसपी' या अक्षरांनी सुरू होणारी तीन नावं कुणालाच कळेनात. ते दोन स्मार्ट बल्ब आणि गीझरचा प्लग निघाला, कारण अशा स्वस्त वस्तूंच्या आत बसवलेल्या वायफाय चिपचं ते नाव असतं. चार उपकरणं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची होती. दोन वर्षांपूर्वी गणपतीत त्यांचं नेट गेलं होतं, परदेशातल्या मुलाला आरती दाखवायची होती म्हणून बहिणीने पासवर्ड दिला होता. तो तेव्हापासून तसाच चालू होता. त्यात शेजाऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, पण बहिणीला हे ठाऊकच नव्हतं. आणि दोन नावं कुणाची ते त्या रात्री कळलं नाही.

त्या रात्रीपासून राउटरबद्दल कुणी विचारलं की मी वेगाबद्दल बोलायचं थांबवलं आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात वेग छापलेला असतो, अँटेना किती ते छापलेलं असतं, वायफाय ६ की ७ ते छापलेलं असतं. घरातल्या नेटवर कोण येतं, कधी येतं आणि आल्यावर कुठपर्यंत पोचतं याबद्दल खोक्यावर फार तर एक ओळ असते: 'पेरेंटल कंट्रोल्स'. त्या दोन शब्दांत काहीही बसू शकतं, अगदी पोकळ आणि अगदी भरीवसुद्धा. ते कसं ओळखायचं, हे इथे सांगतो.

राउटर माणसाला ओळखत नाही

राउटरला तुमचा मुलगा, सासरे, पाहुणे असं काही दिसत नाही. त्याला दिसतो तो प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता. हा ४८ बिटांचा एक क्रमांक असतो. सेटिंगमध्ये तो बारा अक्षर-अंकांचा, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेला दिसतो. पूर्वी हा पत्ता कारखान्यात ठरायचा आणि उपकरण मोडीत निघेपर्यंत तोच राहायचा. म्हणून राउटर बनवणाऱ्यांनी सगळी नियंत्रणं याच पत्त्यावर उभी केली. या पत्त्याला रात्री दहानंतर नेट नाही, त्या पत्त्याला अमुक साइट नाही, असं.

मग फोन बनवणाऱ्यांनी हा पत्ता लपवायला सुरुवात केली. मॉलमध्ये, विमानतळावर, हॉटेलात तुमचा माग काढता येऊ नये यासाठी ते होतं आणि ते योग्यच होतं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं आणि २०२० मध्ये आयओएस १४. तेव्हापासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी आपला एक वेगळा, स्वतःच बनवलेला पत्ता दाखवतो. घरातही तसंच. तुमच्या घरी '२.४' आणि '५जी' अशी दोन वेगळी वायफाय नावं असतील तर एकच फोन राउटरला दोन वेगळी उपकरणं वाटतो. बहिणीकडच्या दोन अनोळखी नावांपैकी एक असंच निघालं: मेहुण्यांचाच फोन, दुसऱ्या नावाच्या वायफायवर जोडलेला.

असा बनवलेला पत्ता ओळखायची एक सोपी खूण आहे. त्या बारा अक्षरांपैकी दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातून आलेला नाही, उपकरणाने स्वतः तयार केला आहे. यादी उघडून एकदा बघा, घरातले बहुतेक फोन या चारांपैकीच एकावर सापडतील.

आता याचा नियंत्रणाशी संबंध असा. मी भाच्याच्या फोनचा पत्ता टाकून रात्रीचा नियम लावला. जेमतेम दोन आठवडे तो टिकला. भाच्याने फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन 'रँडमाइज्ड मॅक' ऐवजी 'फोनचा मॅक' निवडलं, एवढंच. राउटरच्या दृष्टीने जुना फोन निघून गेला आणि एक नवा, कुठलाही नियम नसलेला फोन आला. डबीने त्याला निमूटपणे नेट दिलं. मुलाने काही विशेष केलं नव्हतं. वर्गातल्या सगळ्या मुलांना हे माहीत होतं.

म्हणून दुकानात किंवा ऑनलाइन राउटर बघताना हा प्रश्न आधी घ्या: याआधी कधी न दिसलेलं उपकरण योग्य पासवर्ड टाकून आत आलं, तर हा राउटर त्याचं काय करतो?

बहुसंख्य राउटर त्याला पूर्ण मोकळीक देतात. नियम फक्त यादीत घातलेल्यांना, बाकी सगळे मोकळे. याला नकारयादी म्हणू. घरात नियंत्रण हवं असेल तर ही पद्धत मुळातच उलटी आहे, कारण यादीतून निसटायला पत्ता बदलणं पुरतं. चांगला राउटर याच्या उलट वागू शकतो. नवं उपकरण आलं की त्याला आपोआप एका कडक गटात टाकतो, किंवा तुम्ही फोनवरून मंजुरी देईपर्यंत थांबवून ठेवतो. जर्मनीत घरोघरी दिसणाऱ्या फ्रिट्झबॉक्स राउटरमध्ये हे छान जमवलंय. प्रत्येक नवं उपकरण आपोआप 'स्टँडर्ड' नावाच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे नियमांच्या संचात, जातं. ते प्रोफाइल तुम्ही कडक करून ठेवलं की पत्ता बदलून काहीच साधत नाही, उलट बदलणाऱ्याचाच तोटा होतो. शिवाय त्यात तिकिटांची सोय आहे: ठरलेला वेळ संपला आणि प्रोजेक्टचं काम राहिलं असेल, तर आईवडील एक कोड देतात आणि मुलाला ४५ मिनिटं वाढवून मिळतात. म्युनिक-बर्लिनकडे राहणाऱ्या मराठी घरांत हा राउटर बहुधा आधीच असेल. ही सोय वापरत नसाल तर आज उघडून बघा.

आपल्याकडे मिळणाऱ्या राउटरांत ही सोय वेगवेगळ्या नावांनी येते. 'अॅक्सेस कंट्रोल' या पानावर 'व्हाइटलिस्ट' किंवा 'अलाउ लिस्ट' असा पर्याय आहे का ते बघा. म्हणजे यादीत आहेत त्यांनाच नेट, इतर कुणालाही नाही. यात एक कष्ट आहे: घरातलं प्रत्येक उपकरण एकदा हाताने नोंदवावं लागतं आणि प्रत्येक फोनमध्ये आपल्या घरच्या वायफायपुरता पत्ता बदलता राहणार नाही अशी सेटिंग करावी लागते. एका रविवारी दुपारी दोन तास बसलात की होतं. यादीत किती उपकरणं मावतात तेही विचारा. स्वस्त राउटरमध्ये ही मर्यादा असते आणि बल्ब-प्लग धरले तर आजच्या घरात ती पटकन भरते.

दहाचे साडेतीन कसे झाले

नियम लावल्यावरची पहिलीच सकाळ. नऊ वाजता भाच्याचा ऑनलाइन क्लास होता आणि नेट नाही. साडेअकराला आपोआप आलं. मला वाटलं लाइनच गेली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मग डबीच्या सिस्टिम पानावर गेलो तेव्हा लक्षात आलं: घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं. मी रात्री १० ते सकाळी ६ टाकलं होतं. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून डबी ते पहाटे साडेतीन ते सकाळी साडेअकरा पाळत होती. रात्रभर मूल मोकळं आणि सकाळी क्लासच्या वेळी बंद.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं, की 'पेरेंटल कंट्रोल चालतच नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी मी आता पहिल्यांदा घड्याळ बघतो. घरगुती राउटरमध्ये सहसा घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. लाइट गेली की वेळ पुसली जाते आणि परत आल्यावर इंटरनेटवरून नव्याने घ्यावी लागते. तोवर काही डब्या १ जानेवारी १९७० धरून चालतात. तेव्हा टाइम झोन भारताचा आहे ना आणि वेळ इंटरनेटवरून घेण्याचा पर्याय चालू आहे ना, हे दोन्ही तपासा. जिथे दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे राउटरला छोटा यूपीएस लावणं फार उपयोगाचं.

वेळापत्रकाबाबत आणखी एक तपासणी. रात्री पावणेदहाला एखादा मोठा व्हिडिओ किंवा गेम सुरू करून ठेवा आणि दहाला काय होतं ते बघा. काही राउटर नव्या जोडण्या अडवतात पण आधीपासून चालू असलेली जोडणी तोडत नाहीत, त्यामुळे गेम तसाच चालू राहतो. ही परीक्षा राउटर परत करायची मुदत संपण्याच्या आत घ्या.

ओसरी आणि माजघर

आमच्या गावच्या घरी टपालवाला, दूधवाला, वर्गणीवाले सगळे ओसरीवर बसायचे. चहापाणी तिथेच. माजघरात यायचं तर घरचं माणूस असावं लागे. राउटरमधलं गेस्ट नेटवर्क म्हणजे ही ओसरी. त्यावरच्या फोनला इंटरनेट मिळतं, पण घरातल्या लॅपटॉपपर्यंत, प्रिंटरपर्यंत, कॅमेऱ्यापर्यंत जाता येत नाही.

पाहुण्यांपेक्षा मला ही ओसरी बल्ब, प्लग, टीव्ही आणि कॅमेऱ्यांसाठी जास्त महत्त्वाची वाटते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची पद्धत अगदी साधी होती: कारखान्यातून आलेले साठेक नेहमीचे नाव-पासवर्ड एकामागून एक वापरून बघायचे. लोकांनी ते कधी बदललेलेच नव्हते. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला याच फौजेने साइटची नावं शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत कित्येक मोठ्या साइट काही तास उघडेनात. ब्रिटनने पुढे कायदाच केला. २९ एप्रिल २०२४ पासून तिथे सहज ओळखता येईल असा ठरावीक पासवर्ड लावून घरगुती स्मार्ट उपकरण विकता येत नाही. आपण निदान इतकं करू शकतो की अशा वस्तू माजघरात घ्यायच्या नाहीत.

राउटर घेताना यासाठी बघायचं ते असं: गेस्ट नेटवर्क एकाहून जास्त करता येतात का, त्यावर वेगळं वेळापत्रक लावता येतं का आणि गेस्टवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत असा पर्याय आहे का. बहिणीकडे आता तीन वायफाय नावं आहेत: मोठ्यांचं, मुलांचं आणि वस्तूंचं. मुलांच्या नेटवर्कलाच रात्री दहाची मर्यादा आहे. त्यामुळे कुठल्या फोनचा पत्ता काय, हा प्रश्नच उरला नाही, कारण त्या नावावर जो येईल त्याला तोच नियम. मोठ्यांचा पासवर्ड मुलांना ठाऊक नाही. मला विचाराल तर साध्या राउटरवर करता येण्यासारखा हा सगळ्यात टिकाऊ उपाय आहे.

साइट अडवणं: किती विश्वास ठेवायचा

जुन्या राउटरमध्ये 'कीवर्ड ब्लॉक' असतं. एखादा शब्द टाका, तो असलेली पानं बंद. आता जवळपास सगळं वेब कुलूपबंद पाकिटातून जातं, राउटरला फक्त पाकिटावरचं साइटचं नाव दिसतं, आतलं पान नाही. त्यामुळे या सोयीला आज काही अर्थ उरलेला नाही. खोक्यावर ती ठळकपणे लिहिलेली असेल तर तिचे गुण देऊ नका.

चालतं ते नावाच्या पातळीवर. साइटचं नाव टाकल्यावर तिचा क्रमांक शोधून देणारी जी सेवा असते, डीएनएस, ती गाळणी लावलेली वापरायची. क्लाउडफ्लेअर कंपनीची १.१.१.३ ही अशी फुकट सेवा २०२० पासून आहे. ती घातक साइट आणि अश्लील साइट दोन्ही अडवते. राउटरच्या डीएनएसच्या जागी हा आकडा टाकला की घरातल्या सगळ्यांना लागू.

पण याला तीन भोकं आहेत. एक, अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सेटिंग आहे, ब्राउझरमध्येही तशीच सोय असते. ती लावली की फोन राउटरला न विचारता परस्पर दुसऱ्याला विचारतो. दोन, आपल्याकडे आता आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, सर्रास मिळतं आणि पुष्कळ राउटरमध्ये गाळणी फक्त जुन्या आयपीव्ही४ वर लागते. अर्धी रहदारी तिच्या शेजारून निघून जाते. म्हणून आयपीव्ही६ चा डीएनएसही स्वतः टाकता येतो का, हे नक्की बघा. तिसरं भोक सगळ्यात मोठं आहे: फोनमधलं सिमकार्ड. मुलाच्या फोनवर रोजचा दीड-दोन जीबी डेटा असेल तर राउटर कितीही भारी आणलात तरी त्याची सत्ता घराच्या वायफायपुरतीच. तिथे गूगलचं फॅमिली लिंक किंवा आयफोनचा स्क्रीन टाइम फोनवरच लावावा लागतो. राउटर विकणारा हे सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

कंपनीची डबी घरात आधीच असते

आपल्याकडे फायबर घेतलं की कंपनी स्वतःची डबी बसवते आणि वायफायही त्यातूनच येतं. नवा राउटर आणून तिच्या पुढे जोडला आणि डबीचं वायफाय चालूच ठेवलं, तर पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडं. डबीचं वायफाय बंद करा. ते सेटिंगमधून होत नसेल तर कंपनीला फोन करून बंद करायला लावा. डबी 'ब्रिज मोड'वर (डबी फक्त लाइन पुढे देते, बाकी सगळं तुमचा राउटर करतो) टाकून दिली तर उत्तमच, पण नाही दिली तरी घरगुती वापरात सहसा अडत नाही.

इथेच एक फसगत होते. जोडणारा मुलगा नवा राउटर 'अॅक्सेस पॉइंट मोड'वर टाकून जातो, कारण ते झटपट होतं आणि लगेच नेट चालू दिसतं. त्या मोडमध्ये राउटर फक्त वायफाय पसरवतो. वेळापत्रक, प्रोफाइल, साइट अडवणं यातलं बहुतेक सगळं बंद पडतं आणि गेस्ट नेटवर्कची भिंतसुद्धा कधीकधी नाहीशी होते. ज्यासाठी पैसे मोजले तेच गेलं. 'राउटर मोड'वरच लावून घ्या, मुलगा तुमच्यासमोर असतानाच.

घेण्याआधी घरबसल्या काय बघाल

टीपी-लिंकने आपल्या अनेक राउटरची सेटिंगची पानं नमुन्यादाखल इंटरनेटवर ठेवली आहेत, 'एम्युलेटर' या नावाने ती सापडतात. खरा राउटर नसतानाही तुम्ही त्यात शिरून प्रत्येक पान उघडून बघू शकता. बाकी कंपन्यांचं माहितीपुस्तक तरी उतरवून घ्या आणि त्यात अॅक्सेस कंट्रोल व गेस्ट नेटवर्कची पानं वाचा. एकाच नावाच्या राउटरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, तळाच्या स्टिकरवर 'व्हर्शन' लिहिलेलं असतं आणि आवृत्ती बदलली की आतली चिप आणि सोयीही बदलू शकतात. वाचलं एक आणि हाती आलं दुसरं, असं होऊ देऊ नका.

कुठली सोय फुकट आणि कुठली वर्गणीवर, हेही तेव्हाच बघून ठेवा. टीपी-लिंकच्या होमशील्ड या नियंत्रण-सुरक्षेच्या सेवेत मूलभूत भाग फुकट आहे आणि पुढचा 'प्रो' भाग पैसे भरून. नेटगियरची मुलांसाठीची पूर्ण नियंत्रणं वर्गणीवर आहेत. आसूसच्या अनेक राउटरमध्ये एआयप्रोटेक्शन हे तसंच सॉफ्टवेअर वेगळी वर्गणी न घेता येतं, पण राउटरच महाग असतो. पहिल्या वर्षी फुकट म्हणून घ्यायचं आणि दुसऱ्या वर्षी नियंत्रण निम्मं उरायचं, असं मी दोन घरांत पाहिलं आहे.

सुरक्षेचं जे किमान आहे ते पटकन सांगतो. वायफायच्या पासवर्डचं नवं कुलूप, डब्ल्यूपीए३, असावं. जुने बल्ब त्याला जोडले जात नसतील तर वस्तूंच्या नेटवर्कपुरतं त्याआधीचं डब्ल्यूपीए२ ठेवा. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करता आलं पाहिजे. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं होतं. बाहेरून राउटरची सेटिंग उघडण्याची सोय बंद ठेवा. आणि कंपनी त्या मॉडेलचे अपडेट अजून काढते आहे ना, हे तिच्या साइटवर शेवटच्या अपडेटची तारीख बघून ठरवा. तारीख तीन वर्षांपूर्वीची असेल तर कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नका.

ज्यांना थोडी खटपट जमते त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी आहे. हा राउटरच्या आत घालायचा मोकळा, फुकट सॉफ्टवेअर संच. २०००-१० च्या दशकात लिंक्सिसच्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरवरून त्याची सुरुवात झाली. वर सांगितलेलं सगळं त्यात मनासारखं करता येतं: नव्या उपकरणांचा गट, आयपीव्ही६ सकट गाळणी, हवी तितकी नेटवर्क. त्यांच्या साइटवरच्या यादीत तुमचं मॉडेल आणि तीच आवृत्ती आहे का हे आधी बघा. ८ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा) आणि ६४ एमबी रॅमचे जुने राउटर आता त्याला पुरत नाहीत.

बहिणीसाठी घेतलेला राउटर तीन हजारांच्या आतला होता. बसवताना भाच्यालाच शेजारी बसवला. प्रत्येक उपकरणाला नाव त्यानेच दिलं: 'आजोबा टॅब', 'गॅलरी कॅमेरा', 'गीझर'. दहाची वेळ शनिवारी अकरा करायची हे त्याने मागितलं, ते लगेच मान्य झालं. शेजाऱ्यांना गेस्टचा नवा पासवर्ड बहिणीने स्वतः वर जाऊन दिला. राउटरचा मुख्य पासवर्ड आम्ही कागदावर लिहून लाइटबिलाच्या फाइलमध्ये ठेवलाय, आणि दर पाडव्याला यादी उघडून न ओळखीचं नाव काढून टाकायचं, असं तिने त्याच कागदावर खाली लिहून ठेवलं आहे.